माळ्यावर पडलेला सिल्व्हरफेस डिलक्स रिव्हर्ब मिळतोय, घेऊ का? आणि बघायला जाताना काय काय तपासू?

कोलशेत_टेली

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. मी ठाण्यात असतो, टेलिकास्टर वाजवतो, आजवर सगळं सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाले ॲम्प) आणि मॉडेलरवर (ॲम्पची डिजिटल नक्कल) भागवलं, ट्यूब ॲम्प कधी स्वतःचा नव्हता. आता नेरूळला ओळखीतल्या ओळखीत एक फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा जुना ट्यूबवाला गिटार ॲम्प निघालाय, सिल्व्हरफेस, म्हणजे चंदेरी पॅनेलवाला. ज्यांचा आहे ते काका मर्चंट नेव्हीत होते, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सेकंडहँड घेतला आणि जहाजावरून घरी आणला, काही वर्षं वाजवला, मग माळ्यावर गेला तो आता घराला रंग काढला तेव्हा खाली उतरला. ९० हजार म्हणतायत, थोडं खालीवर होईल असं वाटतंय.

त्यांनी मला व्हिडिओ पाठवला, स्टेप डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालू केलाय, दिवा लागतो, आवाज येतो पण मागे जाडसर घूंऽऽ चालू असते आणि व्हॉल्यूम फिरवला की करकरतो. काका म्हणतात "चालूच आहे रे, जरा साफ करून घे". मागची वायर दोन पिनची आहे आणि मागे एक ग्राउंड स्विच म्हणून काहीतरी आहे.

मला सोल्डरिंग येतं, पेडल बनवलेत, पण ४०० व्होल्टवाल्या गोष्टीत हात घातलेला नाही. तर, घ्यावा का, बघायला जाताना काय न्यावं, ट्यूब इकडे कुठे मिळतात आणि २३० वर चालवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पाचपाखाडी_सोल्डर

पहिलं काम, काकांना आत्ता फोन करून सांग की परत चालू करू नका. व्हिडिओ काढायला पण नाही. इतकी वर्षं पडून राहिलेला ॲम्प डायरेक्ट लावला आणि तो जिवंत आहे हे नशीब, आत फिल्टर कॅप (वीज सपाट करणारे कंडेन्सर) बहुतेक मूळचेच असणार, त्यातला एखादा शॉर्ट झाला तर रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) जाते आणि सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला तर ९० हजाराच्या वस्तूतला अर्धा जीव गेला. ती घूं म्हणजेच कॅप संपलेत.

आता घ्यायचं का. माझं मत सरळ आहे, जुन्या ॲम्पमध्ये तू लोखंड विकत घेतोस. पॉवर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, चोक, रिव्हर्बचा छोटा ट्रान्सफॉर्मर. हे मूळचे आणि धड असतील तर बाकी सगळं, ट्यूब कॅप पॉट वायर, बदलायचीच वस्तू आहे, त्याचं रडू नको. लोखंड गेलेलं असेल तर मात्र कितीही चकचकीत असू दे, भाव निम्म्यावर आण नाहीतर सोड.

बघायला जाशील तेव्हा मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर. ॲम्प बंद, वायर काढलेली. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा नंबर शोध, ६०६ म्हणजे शूमाकर, त्यापुढचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि नंतरचे दोन म्हणजे आठवडा. ६०६-३-१८ असेल तर ७३ सालचा अठरावा आठवडा, म्हणजे ६३ पण होऊ शकतो पण सिल्व्हरफेस ६८ नंतरचे त्यामुळे तो प्रश्न नाही. सगळ्यांच्या तारखा जवळपास असल्या म्हणजे मूळ संच. एकच वेगळा असेल तर कधीतरी बदललाय. स्पीकरवर पण असाच कोड असतो, ४६५ ऑक्सफर्ड, ३२८ यूटा, ६७ एमिनन्स, २२० जेन्सन.

मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. दोन्ही ६व्ही६ (पॉवर ट्यूब) काढ, सॉकेटच्या ३ नंबर पिना, त्या दोन पिनांपासून मधल्या टॅपपर्यंत ओहम मोज. दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात, थोडा फरक असतोच, पण एक ओपन दाखवली की विषय संपला. यासाठी चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर काढावी लागेल, काका हो म्हणाले तरच, आणि कॅप डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट नाही. जमत नसेल तर मला सांग, रविवारी असेन तर येतो, ठाण्याहून पनवेल लोकलने नेरूळ काय लांब नाही.

वास पण घे. जळक्या वार्निशचा वास ट्रान्सफॉर्मरला वर्षानुवर्षं राहतो.

घणसोली_गेन

मी उलटं बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे. ९० हजार अधिक रिपेअर अधिक ट्यूब अधिक स्टेप डाउन, आणि वाजवणार कुठे? २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब ज्या आवाजासाठी सगळे घेतात तो आवाज व्हॉल्यूम पाचच्या पुढे येतो. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये पाचवर लाव आणि बघ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं ते. तीनवर वाजवायचा असेल तर क्लीन आवाज मॉडेलर पण देतो. फेंडर स्वतः २०१९ पासून टोन मास्टर म्हणून डिजिटल डिलक्स रिव्हर्ब विकते, वजन निम्म्याजवळ, वॉल्टेज चालेल ते, आत ट्यूबच नाही.

हौस असेल तर घे, हौसेला मोल नसतं. पण "गुंतवणूक" वगैरे मनात असेल तर इकडे रीसेलला गिऱ्हाईक किती, हा विचार कर.

कोलशेत_टेली

@पाचपाखाडी_सोल्डर दादा फोन केला, काका म्हणाले आता हात लावत नाही. रविवारी चालेल मला, पत्ता मेसेज करतो.

@घणसोली_गेन मुद्दा बरोबर आहे रे, पण आमची रिहर्सल वागळे इस्टेटला एका गाळ्यात असते, तिथे ड्रमर आहे म्हटल्यावर पाच काय सात पण कमी पडतो 😅 घरी मॉडेलरच राहील. आणि विकायला नाही घेत.

मला ते ग्राउंड स्विच आणि दोन पिनचं कोणी नीट समजावून सांगेल का, तीन पिनची वायर लावली की झालं ना?

रेडिओवाले_काका

नुसती वायर लावून नाही झालं बाळा, म्हणून लिहायला बसलो. मी डोंबिवलीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता बंद केलं, पण व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबवाले सेट आयुष्यभर उघडलेत, गिटारचे ॲम्प्लिफायर पण ऑर्केस्ट्रावाले आणायचे. त्या अमेरिकन सेटमध्ये ग्राउंड स्विचच्या मागे एक कंडेन्सर असतो, ०.०४७ मायक्रोफॅरडचा, तो मेनच्या एका तारेतून सरळ चासीला जोडलेला. त्यांच्याकडे दोन पिनचा जमाना होता तेव्हा हम कमी करायला ती युक्ती होती. त्यांच्या ११७ व्होल्टला त्यातून चासीवर दोनेक मिलीॲम्पिअर येतो, आणि तुमच्या हातात गिटार म्हणजे गिटारच्या तारा चासीलाच जोडलेल्या. आता आपल्याकडे बघा काय होतं, बाजारात जे स्वस्त स्टेप डाउन मिळतात ते बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आतलं गुंडाळं एकच, मेनपासून अलग नाही. त्याची दोन पिन उलटी बसली की आउटपुटच्या एका तारेवर अर्थच्या हिशोबाने पूर्ण २३० येतात. मग त्या कंडेन्सरमधून तीन-साडेतीन मिलीॲम्पिअर, चांगलाच चटका, आणि तो जुना कंडेन्सर शॉर्ट झाला तर चटका नाही, माणूस जातो. एका हातात गिटार, ओठ माइकला आणि माइक अर्थला, असं चित्र डोळ्यासमोर आणा. तिकडचे लोक त्याला डेथ कॅप म्हणतात ते उगीच नाही.

तेव्हा तो कंडेन्सर कापून काढायचा, स्विच नुसता शोभेला ठेवायचा. तीन पिनची वायर, हिरवी तार चासीला स्वतंत्र बोल्टवर, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नाही कारण तो कधी ढिला होईल सांगता येत नाही. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी बघत नाही. स्टेप डाउनच्या आउटपुटला तीन भोकं दिसतात म्हणून अर्थ पुढे जातो असं समजू नका. कित्येकांत तिसरं भोक रिकामं असतं. मीटर कंटिन्युइटीला ठेवून स्टेप डाउनच्या प्लगची मोठी पिन आणि आउटपुटचं अर्थ यात बीप वाजते का बघा. नाही वाजली तर उघडून तार जोडून घ्या. आणि त्याहून आधी घरातला सॉकेट, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत मी पाहिलंय तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलंच नाही. फेज ते अर्थ मोजा, फेज ते न्यूट्रलच्या आसपास आलं पाहिजे. ४०-६० असं काही अर्धवट दाखवलं तर अर्थिंग नाहीच, आधी वायरमन बोलवा.

घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, पण तो मेनच्या बाजूचा रक्षक, ॲम्प्लिफायरच्या आतले ४०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहेत, तिथे शॉक बसला तर त्याला कळणार पण नाही. तिथे तुमची अक्कलच ट्रिप झाली पाहिजे. डिस्चार्ज करायचं तर १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप, एक क्लिप आधी चासीला, मग दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, आणि मग मीटरने बघायचं शून्याजवळ आलंय का. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढणारे खूप बघितले, कंडेन्सर पण जातो आणि डोळा पण. डावा हात खिशात.

बेलापूर_बास

काकांना नमस्कार, तुमची पोस्ट सेव्ह केली!

मी माझा बासमन ५० असाच घेतला होता, माझा अनुभव सगळा पावसाळ्याचा आहे म्हणून लिहिते. त्या काळातल्या फेंडरमध्ये पार्ट्स ज्या काळ्या बोर्डवर बसवलेत तो फायबरचा असतो, त्याला दमट हवा लागली की ओलावा धरतो आणि मग चक्क करंट वाहून नेतो. जून ते सप्टेंबर माझा ॲम्प करकर फुसफुस करायचा, पॉट साफ केले, ट्यूब बदलल्या, काही नाही, दिवाळीनंतर आपोआप गप्प. शेवटी मीटरचा एक प्रोब चासीला लावून दुसरा नुसता बोर्डवर ठेवला, पार्टला नाही हं, मोकळ्या बोर्डवर, तर काही व्होल्ट दाखवले. हेअर ड्रायर हलक्या गरमवर धरला की आवाज कमी होतो, ही सोपी टेस्ट. आमच्याकडे खाडीचा वारा डायरेक्ट घरात, नेरूळचा ॲम्प पण त्याच हवेत वाढलाय त्यामुळे हे नक्की बघ.

पॉटसाठी साधा डब्ल्यूडी ४० नको, कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा मिळतो तो. आणि स्पीकर न जोडता कधीच चालू करायचा नाही, सॉलिड स्टेटची सवय असली की हे विसरायला होतं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेच जातात.

कोलशेत_टेली

अपडेट! सोल्डर दादा खरंच आले, पाचपाखाडीतून स्वतःचा टूलबॉक्स घेऊन, काकूंनी पोहे केले होते, मस्त वेळ गेला.

दिसलं ते असं. तिन्ही मोठे ट्रान्सफॉर्मर ६०६-० ने सुरू, आठवडे जवळजवळचे, म्हणजे १९७०. आउटपुटच्या दोन्ही बाजू धड आहेत. वास नाही. स्पीकर मूळचा नाही, कोणीतरी पीएचा १२ इंची लावलाय, मीटरवर ६.४ ओहम म्हणजे ८ ओहमचाच आहे. रिव्हर्बचं स्प्रिंगचं खोकं मूळचं, पण पिशवी उंदरांनी खाल्लीय. एक ६व्ही६ जुनी आरसीए आणि दुसरी वेगळ्याच मेकची. आणि रेक्टिफायरच्या जागी ५यू४ बसवलीय, आतल्या कागदावर मात्र जीझेड३४ छापलंय. दादा ते बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले, लिहिण्यासारखं नव्हतं.

चासीतले निळे-चॉकलेटी कॅप सगळे जुनेच. खालच्या पत्र्याच्या डबीत पाच फिल्टर कॅप, दोघांच्या टोकाला फुगवटा आणि पांढरं काहीतरी सुकलेलं.

काकांना सगळं सांगितलं, त्यांनी ६२ हजाराला दिला. ५यू४ बद्दल दादा तुम्हीच लिहा ना इथे, बाकीच्यांना पण उपयोग होईल.

पाचपाखाडी_सोल्डर

बोललो ते बरोबरच होतं. जीझेड३४ चा हीटर ५ व्होल्टला १.९ ॲम्पिअर घेतो, ५यू४ घेते ३. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात म्हणून लोक बसवतात आणि चालते पण, पण ट्रान्सफॉर्मरचं जे वाइंडिंग १.९ साठी आहे त्यातून तू रोज दीडपट ओढतोयस. त्यात हा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा. आपल्याकडे ५०. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमध्ये २० टक्के जास्त फ्लक्स जातो, म्हणून अमेरिकन ट्रान्सफॉर्मर इकडे आधीच गरम चालतो. फेंडरच्या नंतरच्या काही सिल्व्हरफेसमध्ये फॅक्टरीतूनच ५यू४ होती, पण तो ट्रान्सफॉर्मर त्या हिशोबाने असतो. आपल्या कागदावर काय छापलंय ते पाळायचं.

स्टेप डाउनचं पण म्हणूनच, लोक १२० वाला शोधत बसतात, मी ११० वाला घे म्हणतो. ११० दिले की ५० हर्ट्झमुळे वाढलेला फ्लक्स २० वरून १२-१३ टक्क्यांवर येतो. हीटरला ६.३ च्या जागी ५.९ मिळतात, ट्यूबला दहा टक्के खालीवर चालतं म्हणजे ५.७ पर्यंत ठीक. आणि आपल्याकडे रात्री मेन २४५ पर्यंत जातं तेव्हा तोच स्टेप डाउन ११७ देतो, म्हणजे काहीच बिघडत नाही. १०० वाला मात्र नको, हीटर उपाशी राहतात.

क्षमता किती? मागे फ्यूज २ ॲम्पिअरचा आहे, ११७ गुणिले २ म्हणजे २३४, तर ३०० व्हीए. त्याहून लहान घेऊन तापवत बसू नको, मोठा घेतला तर फक्त वजन. आयसोलेटेड मिळाला तर सोन्याहून पिवळं, वाइंडिंगवाल्याकडून करून घेता येतो, अर्थची तार पुढे न्यायला सांग.

घणसोली_गेन

६२ ला चांगला मिळाला राव. पण कॅप सगळे बदलणार का? मी वाचलंय की मूळ कॅप काढले की किंमत पण जाते आणि टोन पण. तो चॉकलेटी कॅपचा आवाज वेगळाच म्हणतात.

पाचपाखाडी_सोल्डर

सगळे नाही. फिल्टर कॅप, बायसचा (पॉवर ट्यूबच्या ग्रिडला मायनस व्होल्ट देणाऱ्या भागाचा) छोटा इलेक्ट्रोलिटिक, आणि प्रीॲम्पच्या कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरडवाले. हे सगळे इलेक्ट्रोलिटिक, आत ओला रसायनाचा कागद असतो आणि ५० वर्षांत तो माठातल्या पाण्यासारखा आटतो. यात टोनबिन काही नाही, हा टायर आहे, घासला की बदल. सिग्नलच्या वाटेतले चॉकलेटी कॅप जोवर डीसी गळत नाहीत तोवर हात लावायचा नाही. काढलेले सगळे पिशवीत घालून, लेबल लावून, ॲम्पसोबत ठेवायचे. ज्याला मूळ पाहिजे त्याला दाखवता येतात.

बायस कॅप बदलताना एक बघ, तो उलटा असतो, प्लस बाजू चासीला. कारण बायस मायनसमध्ये आहे. सवयीने प्लस वर जोडला तर चालू करताच फटाका.

रेडिओवाले_काका

बरोबर आहे. मी फक्त पहिल्यांदा चालू करण्याबद्दल सांगतो. सिरीज बोर्ड करून घ्या, म्हणजे फेजच्या तारेत एक बल्ब होल्डर सिरीजमध्ये आणि पुढे सॉकेट. त्यात ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळतो, विचारायला लागतं. ॲम्प चालू केला की बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो, मग ठीक. भगभगीतच राहिला तर आत शॉर्ट, लगेच बंद, पण नुकसान काही झालेलं नसतं कारण सगळा भार बल्बने खाल्ला. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून, मग रेक्टिफायर लावून, मग बाकीचे.

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असणारे म्हणतात हळूहळू वर नेऊन जुने कंडेन्सर "जागे" करतो. रेडिओत मी पण केलंय. पण व्हॉल्व्ह रेक्टिफायर असला की खाली ४०-५० व्होल्टला हीटरच धड तापत नाही, कंडेन्सरला काही पोचतच नाही, आणि मग एका टप्प्यावर एकदम पोचतं. सुकलेला कंडेन्सर जागा होऊन करणार काय? नवीन घाला.

व्हॉल्व्हचं म्हणाल तर आपली बीईएल एके काळी बंगळुरूला भरपूर बनवायची, ईएल८४ वगैरे आमच्या रेडिओत तेच. अजून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा चोर बाजारात जुन्या पेट्यांत निघतात, पण ६व्ही६ चा मॅच जोड तिथे मिळेल या आशेवर राहू नका.

बेलापूर_बास

ट्यूब नवीनच मागव. जेजे स्लोव्हाकियाची, त्यांची ६व्ही६एस जास्त व्होल्टेज सहन करते, डिलक्समध्ये प्लेटवर ४०० च्या वर असतात आणि ६व्ही६ साठी ते आधीच जास्त आहे म्हणून ती सेफ. इलेक्ट्रो हार्मोनिक्स, टंग सोल, सोवटेक हे सगळे रशियातल्या सारातोवच्या एकाच कारखान्यातले, २०२२ नंतर भाव चढलेत. प्रीॲम्पच्या सहा आहेत ना, चार १२एएक्स७ आणि दोन १२एटी७, त्या सरसकट बदलू नको! पेन्सिलच्या मागच्या रबराने टकटक कर, जी टणत्कार करते तीच खराब. जुन्या अमेरिकन असतील तर जपून ठेव, नव्यापेक्षा जास्त टिकतील.

कोलशेत_टेली

मंडळी झालं! म्हणजे बरंचसं.

दादांच्या घरी बसून केलं, मी सोल्डरिंग, ते बाजूला उभे राहून ओरडणं. डेथ कॅप काढला, तीन पिनची वायर, चासीला नवीन बोल्ट. स्टेप डाउनचं तिसरं भोक रेडिओवाल्या काकांनी सांगितल्यासारखं रिकामंच निघालं, जोडलं. फिल्टर कॅप पाच, बायस कॅप, कॅथोडचे. जीझेड३४ नवीन, ६व्ही६ चा जोड नवीन. सिरीज बल्ब भगभगला आणि मंद झाला, टाळ्या.

मग बल्ब काढून चालू केलं तर पाच मिनिटांत एका ६व्ही६ ची प्लेट लालसर व्हायला लागली. लगेच बंद. दादा म्हणाले ट्यूबचा दोष नाही, आणि दोन्ही ट्यूब काढून परत चालू करून ५ नंबर पिनवर मायनस व्होल्ट मोजले, एका सॉकेटवर मायनस ३५ आणि दुसऱ्यावर मायनस २२. म्हणजे त्या बाजूचा ०.१ चा कपलिंग कॅप (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) डीसी गळतोय, त्यामुळे ग्रिडवरचा मायनस खाल्ला जातोय आणि ट्यूब बेफाम करंट ओढतेय. तो एकच चॉकलेटी कॅप बदलला, दुसरा तसाच ठेवला. आता दोन्हीकडे ३५. कॅथोडला एक-एक ओहमचे रेझिस्टर टाकलेत, त्यावर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीॲम्पिअर, २१ आणि २२ आले, प्लेटला ४१२ व्होल्ट. साधारण नऊ वॅट पडतात, ६व्ही६ ला १२ ची मर्यादा धरली तरी आत आहे.

आवाज कसा आहे ते विचारू नका, मी व्हायब्रेटो चॅनेलला रिव्हर्ब तीनवर ठेवून एकच ई कॉर्ड वाजवत बसलो होतो आणि वहिनींनी येऊन विचारलं की दुसरं काही येतं का.

राहिलेलं, एक बारीक हम अजून आहे. आधीच्यासारखी जाड नाही. रिव्हर्बचा नॉब वाढवला की वाढते, शून्यावर नाहीच. आणि स्पीकर कुठला घेऊ?

पाचपाखाडी_सोल्डर

वहिनींना मी काही सांगितलं नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं मत 😄

रिव्हर्बसोबतच वाढते म्हणजे फिल्टर नाही. फिल्टरची हम १०० हर्ट्झची असते, जरा बझसारखी, आणि कुठल्या एका नॉबवर अवलंबून नसते. ही ५० ची असणार, स्प्रिंगच्या खोक्याच्या आउटपुटच्या कॉइलमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर घुमतोय. खोकं उलटं बसलंय का बघ, आउटपुटची बाजू पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब पाहिजे. पिशवी खाल्लीय म्हटल्यावर कोणीतरी काढून परत लावताना फिरवलं असेल. आणि त्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीचा डाग तुटलाय का तेही बघ.

स्पीकर ८ ओहम, १२ इंची, निदान ३० वॅटचा. जेन्सन सी१२एन किंवा एमिनन्सचा कुठला तरी, इकडे जो हातात मिळेल तो. पीएवाला जातोय तोवर त्यावरच वाजव, घाई नाही.

कोलशेत_टेली

फिरवलं. खोकं उलटंच होतं. हम नव्वद टक्के गेली 🙏 पुढच्या शनिवारी गाळ्यात नेतोय, ड्रमरसमोर. @घणसोली_गेन तू पण ये, तुझा मॉडेलर घेऊन ये, शेजारी शेजारी लावू.

घणसोली_गेन

येतो. पण २० किलोचा तो डबा जिना तू चढवायचास, मी बॅग पाठीला लावून येणार.

रेडिओवाले_काका

गाळ्यातल्या सॉकेटचं अर्थिंग मोजल्याशिवाय गिटार लावू नका. इंडस्ट्रियल गाळ्यात एकाच फेजवर काय काय लटकवलेलं असतं देव जाणे. आणि मी बुधवारी लॅमिंग्टन रोडला चाललोय, कुणाला वायरवाउंड रेझिस्टर, ऑक्टल बेस (ट्यूबचं सॉकेट), फ्यूज होल्डर काही हवं असेल तर मंगळवार रात्रीपर्यंत इथे लिहा, एकदम आणतो.

बेलापूर_बास

काका मला दोन ऑक्टल बेस, सिरॅमिकचे मिळाले तर. पैसे जीपे करते.